शून्याच्या आधीचं घरटं

पिंपळशेंडे सरांचा पहिला तास वर्गात भरत नसे, रस्त्यावर भरे. सकाळी सहाला कॉलेजपासून सहा किलोमीटर सहाशे मीटरवरच्या ओढ्याच्या पुलाशी जमायचं, पाण्याची बाटली आणायची, एवढीच सूचना असे. त्या वर्षी पुलाशी एकोणतीस मुलं जमली. बहुतेक अठरा-एकोणीस वर्षांची, अर्धवट झोपेतली. आणि त्यांच्यातच, खाकी गणवेशातली, अडतीस वर्षांची एक वनरक्षक. रेवता मडावी.

सर पुलाच्या कठड्याला टेकून उभे होते. वय एकोणसाठ, नोकरीचं शेवटचं वर्ष, डोक्यावर रंग उडालेली टोपी.

"एक किलोमीटर म्हणजे एक कोटी वर्षं," ते म्हणाले. "पृथ्वी जन्मली ती इथून चारशे साठ किलोमीटरवर, म्हणजे जवळजवळ जळगावला. आपण तिथून चालत निघालो असं समजा. शंभरेक किलोमीटर नुसता तप्त खडक, वाफा, मग समुद्र. खामगावच्या अलीकडे कुठेतरी जीव जन्मला, पण इतका बारीक, की तुमच्या डोळ्यांना दिसलाच नसता. अकोला गेलं, अमरावती गेली, वर्धा गेलं, तरी तो बारीकच. हिंगणघाट मागे पडल्यावर समुद्रात पहिल्यांदा डोळे असलेली, पाय असलेली जनावरं दिसायला लागली. आणि या पुलावर डायनोसॉर संपले. आता चला."

मुलं चालू लागली. सर मध्येच थांबायचे. इथे हिमालय उठायला लागला. इथे घोडा कुत्र्याएवढा होता. उन्हं चढली, गप्पा थांबल्या. कॉलेजच्या फाटकाशी पोचल्यावर सर म्हणाले, "माणूस अजून जन्मलेला नाही." फाटकापासून झेंड्याच्या खांबापर्यंतचे शेवटचे तीस मीटर त्यांनी सगळ्यांना मुकाट्यानं चालायला लावलं. खांबाच्या ओट्याची पायरी अर्ध्या मीटरची होती. "माणसानं लिहून ठेवलेला सगळा इतिहास," सर म्हणाले, "ह्या पायरीवर मावतो. बसा. चहा सांगितलाय."

रेवता त्या पायरीकडे बघत उभी राहिली. बसायचं तिच्या मनातच येईना.

वरोऱ्याजवळच्या पारडगावच्या त्या कॉलेजात तिला आणलं होतं सरांनीच. बारा वर्षं ती मोहाळीच्या टेकडीवर पहाऱ्याला होती, आणि ती टेकडी म्हणजे सरांचं आयुष्य होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी लाव्हाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या एका जुन्या तळ्याच्या वाळूत त्यांना डायनोसॉरची अंडी सापडली होती. अंड्यांच्या खाली बोटभर जाडीची काळी माती होती आणि त्या मातीत इरिडियम नावाचा धातू होता. हे इरिडियम जमिनीवर फार थोडं असतं, आकाशातून येणाऱ्या दगडांत पुष्कळ. ज्या उल्केनं डायनोसॉर संपवले, तिची धूळ जगभर अशीच पसरली आहे. मग सरांनी मांडलं की ही माती त्याच उल्केची, आणि अंडी मातीच्या वर, म्हणजे उल्केनंतरची. सगळ्या जगात मेलेले डायनोसॉर मोहाळीला काही काळ जगले. टेकडीला नाव पडलं, 'शेवटचं घरटं'. पाट्या लागल्या, पर्यटक आले, गावातल्या चौदा घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या. त्यातलं एक घर रेवताचं. ते तिचा नवरा दिवाकर चालवायचा.

दगड कसा बघायचा हे सरांनी तिला पहाऱ्यावर असताना शिकवलं. ती प्रश्न विचारायची. एकदा वैतागून ते म्हणाले, "रेवताबाई, हे सगळं मी उभ्या उभ्या सांगू शकत नाही. आता कुठल्याही वयात प्रवेश मिळतो. या वर्गात." आणि ती आली.

* * *

दिवाळीनंतर कॉलेजात वर्षवाचक आला. शिलाईच्या टेबलाएवढं यंत्र, चार कॉलेजांत मिळून एक. सरांनी एक पूर्ण तास त्याच्यावर दिला.

तळ्यातला शिंपला, सर म्हणाले, दरवर्षी आपल्या कडेला एक रेघ वाढवतो. पाणी, अन्न मुबलक तर रेघ जाड, दुष्काळ पडला तर बारीक. काही जातींचे शिंपले साठ-सत्तर वर्षं जगतात. म्हणजे एक शिंपला ही सत्तर पानांची डायरी. आता एका शिंपल्याचं म्हातारपण आणि दुसऱ्याचं बालपण एकाच काळातलं असेल, तर त्या दोघांच्या रेघा तेवढ्यापुरत्या जुळतात. दुसऱ्याला तिसरा जोडायचा, तिसऱ्याला चौथा. अशी साखळी लावत गेलं की हजारो वर्षांचं कॅलेंडर तयार होतं. माणसाला हे जुळवायला जन्म पुरणार नाही. यंत्र शिंपल्याचा केसाएवढा पातळ काप घेतं, लेझरनं प्रत्येक रेघ मोजतं, आणि जगभरातल्या लाखो शिंपल्यांशी ताडून बघतं.

"पण सर, जगभराचा दुष्काळ एकदम थोडाच पडतो?" रेवतानं विचारलं.

"बरोबर पकडलंत. एरवी नाही पडत. पण मोठा ज्वालामुखी फुटला की त्याची धूळ सूर्याला झाकते, आणि त्या वर्षी सगळ्या पृथ्वीवरच्या शिंपल्यांची रेघ बारीक येते. त्या रेघांनी वेगवेगळ्या देशांच्या साखळ्या एकमेकींना बांधल्यात. उल्का पडली ते वर्ष, शून्य साल. कुठल्याही शिंपल्याला यंत्र विचारतं, तू शून्याच्या किती आधीचा, किती नंतरचा."

प्रत्येकानं एक शिंपला आणून त्याचं साल काढायचं आणि वहीत लिहायचं, असं प्रात्यक्षिक होतं. मुलांनी कॉलेजच्या कपाटातले नमुने उचलले. रेवतानं रीतसर परवानगी काढून टेकडीवरचा आणला, अंड्यांच्या वाळूतूनच सुटून आलेला. त्याचं साल काय येणार हे तिला ठाऊक होतं. शून्यानंतरचं, काही हजार. बारा वर्षं ती पाहुण्यांना तेच सांगत आली होती.

यंत्र चाळीस मिनिटं गुरगुरलं. पडद्यावर आकडा आला.

शून्याच्या आधी, दोन लाख एक्केचाळीस हजार तीनशे सहा वर्षं.

तिनं तो तीनदा वाचला. मग काप उलटा बसला असेल म्हणून पुन्हा लावला. तोच आकडा. शेजारच्या मुलीनं विचारलं, "काकू, तुमचं आलं का?" रेवतानं पडदा बंद केला आणि म्हणाली, "यंत्र तापलंय जरा."

* * *

संध्याकाळी दिवाकर अंगणात नवी पाटी रंगवत होता. जगभरातली जपण्याजोगी जीवाश्मस्थळं निवडणारी एक आंतरराष्ट्रीय समिती अठरा दिवसांनी मोहाळीला येणार होती. एकदा त्यांच्या यादीत नाव लागलं की पक्का रस्ता, संग्रहालय, परदेशी पाहुणे. गावानं दोन वर्षं त्याची वाट पाहिली होती.

रेवतानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं ब्रश डब्यात ठेवला.

"म्हणजे ते शेवटचं नोहे?"

"दोन-अडीच लाख वर्षं आधीचं. त्यावेळी सगळीकडेच होते डायनोसॉर. आपल्याच इथं उरले होते, असं काही नाही."

"अन् हे कोणाकोणाले मालूम?"

"मला. आता तुम्हाला."

दिवाकरनं रस्त्याकडे बघून घेतलं, कोणी ऐकत नाही ना. मग हळू आवाजात म्हणाला, "मग वहीत दुसरा शिंपला लिही ना. कपाटातला. कोण पाहून रायलं? समिती येऊन जाऊ दे. मंग सांगजो."

"सरांना फसवू?"

"त्याहीले वाचवशील. अठ्ठावीस वर्षं झाले त्या मानसाले. रिटायर व्हायच्या तोंडावर तूच त्याहीची टेकडी पाडशील? तुले दगड दाखवले कोनं?"

तो चिडून बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं. तो खरंच घाबरला होता, आणि तीही.

एक शिंपला चुकू शकतो, असं तिनं स्वतःला सांगितलं. वाहत आला असेल, खालच्या थरातून वर आला असेल. पुढचे नऊ दिवस ती पहाटे टेकडीवर जायची, अंड्यांच्या अगदी भोवतीच्या वाळूतून शिंपले टिपायची, कुठला कुठून घेतला ते चिठ्ठीवर लिहायची, आणि कामाची वेळ संपली की कॉलेजात यंत्रापाशी बसायची. मनातून ती आपण चुकल्याचा पुरावा शोधत होती. तो मिळाला नाही. सगळे शिंपले एकाच काळातले निघाले, एकमेकांत हात गुंफून उभे असल्यासारखे.

दहाव्या दिवशी तिनं वही घेतली आणि सरांच्या खोलीत गेली.

सरांनी चष्मा लावला, वही उघडली. पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. मग पुन्हा पहिल्यावर आले. खिडकीबाहेर मुलं व्हॉलीबॉल खेळत होती, त्यांचा ओरडा तेवढा ऐकू येत होता.

"किती शिंपले?"

"एकतीस, सर."

"तीस पुरले असते. एकतिसावा कशाला?"

"तिसाव्यानंतरही वाटत होतं, एक तरी तुमच्या बाजूनं येईल."

सरांनी मान वर केली. तो चेहरा रेवताला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिला. दुखावलेला होता, पण त्या दुखण्याच्या मागून दुसरंच काहीतरी वर येत होतं.

"यंत्र बरोबर असेल," ते सावकाश म्हणाले, "तर माझी काळी माती उल्केची नाही. मग इरिडियम कुठून आलं?" ते उठले, खोलीत दोन फेऱ्या मारल्या. "ज्वालामुखीच्या राखेतूनही थोडं येतं. तेव्हा आमच्या यंत्राला दोन्हीतला फरक कळत नव्हता. आता कळतो. माझ्याकडे तीच माती अजून बाटलीत आहे."

"सर, समिती येतेय. गावात सगळे..."

"रेवताबाई," ते थांबून म्हणाले, "ही वही तुम्ही दिली नसती, तर मी तुम्हाला नापास केलं असतं. मला कळलंच नसतं, तरीही तुम्ही नापासच झाला असता. समजलं ना?"

तिनं मान हलवली. डोळे भरून आले होते, म्हणून ती भिंतीवरच्या नकाशाकडे बघत राहिली.

* * *

माती नागपूरच्या प्रयोगशाळेत गेली आणि पाच दिवसांत उत्तर आलं. राख. उल्का नव्हेच.

दुसऱ्या दिवशीचा तास वर्गात झाला. सरांनी फळ्यावर मोहाळीच्या टेकडीची आकृती काढली, अठ्ठावीस वर्षांपूर्वी काढली होती तशीच, अगदी बाणांसकट. मग ते मुलांकडे वळले. "ह्यात चूक आहे. चूक करणारा माणूस हुशार होता, मेहनती होता आणि प्रामाणिक होता. तरी चूक आहे. शोधा." मुलांना आधी वाटलं, ही गंमत आहे. मग एकानं काळ्या मातीबद्दल विचारलं, दुसऱ्यानं शिंपल्यांबद्दल. सर प्रत्येक प्रश्नाला उत्तर देत गेले आणि तास संपेपर्यंत आपली आकृती त्यांनी मुलांकडूनच खोडून घेतली. एकदाही आवाज बदलला नाही. शेवटी त्यांनी रेवताला उभं केलं आणि म्हणाले, "मोजणी ह्यांची."

समितीची प्रमुख एक बुटकीशी मंगोलियन बाई होती. मोहाळीच्या टेकडीवर, सगळ्या गावासमोर, सरांनी तिला आधी नवा आकडा सांगितला आणि मग अंडी दाखवली. कानातल्या दुभाष्या यंत्रातून तिनं ऐकून घेतलं. बराच वेळ ती वाळूशी उकिडवी बसून राहिली. उठल्यावर तिनं सरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "मी बावीस देश फिरले. स्वतःचा दावा असा स्वतः परत घेणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला." पण यादी दाव्यावर होती, माणसावर नव्हती. मोहाळीचं नाव लागलं नाही.

गावानं सरांना काही म्हटलं नाही, पण रेवताशी बोलणं कमी केलं. पाहुणे आटत गेले. पौष महिन्यात चौदांपैकी नऊ घरांच्या खोल्या बंद झाल्या. दिवाकर बल्लारपूरला गाडी चालवायच्या कामावर गेला. जाताना म्हणाला, "तू खरं केलं, हे मले समजते. पण आता माह्याशी थोडे दिवस नको बोलू." शनिवारी घरी यायचा, जेवायचा, अंगणातली कामं करायचा, सोमवारी जायचा. रेवता दोन पानं वाढायची आणि दोघं गप्प जेवायचे.

सर मात्र निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच दिवशी टेकडीवर हजर झाले. घडीची खुर्ची आणि छत्री घेऊन.

"शेवटचं नाही, हे ठरलं," ते म्हणाले. "मग काय आहे? अठ्ठावीस वर्षं मी एकाच प्रश्नाचं उत्तर धरून बसलो, बाकीचे विचारलेच नाहीत. आता तुम्ही विचारा."

रेवतानं बराच विचार करून विचारलं, "सर, खाली लाव्हा आहे. वर तळं. मधे किती वर्षं गेली?"

तेवढा एक प्रश्न पुढचं वर्षभर पुरला. तिनं तळ्याचा तळ बोट-बोट करत उकलला. सगळ्यात खालचा शिंपला लाव्हाच्या अगदी काळ्या पाठीवरच बसलेला होता. लाव्हा वाहिला त्या वर्षीची बारीक रेघ दूरच्या तळ्यांतल्या शिंपल्यांत होतीच, तिथून मोजायचं. यंत्रानं सांगितलं, त्रेसष्ट वर्षं. जळून कोळसा झालेल्या, शेकडो मैल पसरलेल्या त्या दगडी रानावर त्रेसष्ट वर्षांत तळं साचलं होतं आणि तळ्यात जीव आला होता.

"पण शिंपला आला कसा?" रेवता म्हणाली. "त्याला काही पाय नाहीत."

"त्याची पिल्लं माशाच्या कल्ल्याला चिकटून प्रवास करतात."

"म्हणजे शिंपल्याच्या आधी मासा आला होता! आणि माशाच्या आधी नदी!"

सर खुर्चीतून उठून उभे राहिले, छत्री बाजूला कलंडली. "लिहा," ते म्हणाले, "लिहा, लिहा आधी!"

मग अंड्यांचा थर. सरांना एक घरटं वाटलं होतं, ते एक नव्हतंच. वाळूचे कागदासारखे पातळ पदर होते, एकावर एक, आणि प्रत्येक पदरात कवचांचे तुकडे. प्रत्येक पदरात पुरानं आणून टाकलेले शिंपलेही होते. रेवतानं पदर सोडवले, शिंपल्यांची साल काढली. प्रत्येक शिंपल्याची शेवटची अर्धी रेघ तो कुठल्या ऋतूत मेला तेही सांगत होती. आकडे क्रमानं लावले आणि पुन्हा एकदा पडताळले. पहिलं घरटं लाव्हानंतर पंच्याऐंशी वर्षांनी. त्याच्या पुढच्या वर्षी दुसरं. त्याच्या पुढच्या वर्षी तिसरं. पावसाळा सरला की, त्याच वाळूत, दरवर्षी. एक्केचाळीस वर्षं, एकदाही न चुकता. कुठल्याही देशात, कुठल्याही खडकात, एकाच जागी एवढी सलग वर्षं परत येणाऱ्या जनावरांची नोंद आजवर कोणाला मिळाली नव्हती.

त्या दिवशी शनिवार होता. दिवाकर आला तेव्हा ती ओट्यावर कागद पसरून बसली होती. आपण बोलायचं नाही, हे ती विसरूनच गेली.

"इकडे या. हे बघा. जमीन गरम राख झाली होती. झाड नाही, सावली नाही. तरी पहिली मादी आली. आणि तिची पिल्लं मोठी झाली, ती पण इथंच आली अंडी घालायला. एक्केचाळीस वर्षं!"

दिवाकरनं पिशवी खाली ठेवली. कागदावरच्या रेघांवरून बोट फिरवत गेला, पहिल्या वर्षापासून एक्केचाळिसाव्यापर्यंत, मोजत.

"जळलेल्या जागेवर?" त्यानं विचारलं.

"हो."

"काऊन येत असतील बाप्पा?"

"ते नाही माहीत. शोधतोय."

त्यानं कागद गोळा करून तिच्या हातात दिले. मग म्हणाला, "भूक लागली. बसू जेवायले, अन् मले पुन्हा सांग. पहिल्यापासून." ती सांगत होती आणि तो मधे मधे थांबवून विचारत होता. माशाची गोष्ट त्यानं दोनदा ऐकली.

पुढच्या हिवाळ्यात पाहुणे थोडे परतले. पूर्वीइतके नाहीत, आणि यादीतही नाव नाही. पण चार-पाच शाळा आल्या, हैदराबादहून काही कुटुंबं आली, आणि बंद घरांपैकी सहा घरांनी खोल्या पुन्हा झाडल्या. दिवाकरनं बल्लारपूरचं काम सोडलं. एका रविवारी रेवताला पोचायला उशीर झाला. टेकडी चढून येताना तिला वरून त्याचा आवाज ऐकू आला. तो पंधरा-वीस लोकांसमोर उभा होता, आणि मागे छत्रीखाली सर खुर्चीत बसून ऐकत होते.

"एक्केचाळीस वर्षं, साहेब," दिवाकर सांगत होता. "जळलेल्या दगडावर. एक वर्ष नाही चुकवलं."

"हे अगदी नक्की का?" कोणीतरी विचारलं.

दिवाकरनं मागे वळून सरांकडे बघितलं. सर नुसते हसले.

"आजच्या मोजणीत नक्की," दिवाकर म्हणाला. "उद्या कोनी मोजून दुसरं काढलं, तर आम्ही तेही सांगू. या, इकडून या. वाळूवर पाय नका ठेवू."